काचेमागचे गाल

देवीच्या व्रणांनी माझ्या दोन्ही गालांची चाळण झाली आहे. मागच्या वर्षी आईने लग्नासाठी माझं गुळगुळीत चित्र रूआँच्या एका सरदाराला पाठवलं. तो पॅरिसला आला, मला पाहिलं आणि घोडा लंगडतोय असं सांगून भरल्या ताटावरून उठला. घराघरांत माझं हसं झालं.

म्हणून यंदा मी हट्टच धरला: चित्र खरं पाठवायचं, मग होकार येवो की नकार. खडूंनी चित्रं काढणाऱ्या मादाम तेव्हनार आल्या. त्यांच्याही गालांवर व्रण! मला केवढा धीर आला.

"पोरी, तुझा एकही व्रण लपवणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त कागदाला हात लावू नकोस हं. नुसती पूड आहे, बोट फिरलं की गेलं."

पाचव्या दिवशी निळ्या कागदावर मी होते, एकेका खड्ड्यासकट. मी त्यांच्या गळ्यातच पडले. दुसऱ्या दिवशी काच बसवून चित्र ब्रेस्टच्या एका स्थळाकडे गेलं. तिकडून होकार आला आणि महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

नवरदेव आले ते गाडीच्या हिसक्यांनी पूड झडू नये म्हणून वाटभर चित्र मांडीवर धरून. मादामनाही आईने मुद्दाम बोलावलं होतं. मी जवळजवळ धावतच दिवाणखान्यात गेले. नवरदेवांनी अदबीने लवून विचारलं, "आपण थोरल्या ताई का? धाकट्यांना बोलावता?"

मला बहीण नाही. मी चित्र ओढून घेतलं. गाल लोण्यासारखे! आई हातातल्या पंख्याकडे बघत बसली.

"मादाम, तुम्ही शब्द दिला होता!"

"आईसाहेब म्हणाल्या, मी बोट फिरवलं," त्या मायेने म्हणाल्या. "अगं, मी माझं स्वतःचं चित्र काढलंय ना, त्यात तरी व्रण कुठे आहेत?"

त्या मायेचाच मला जास्त संताप आला. नवरदेवांनी एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "घोड्यांना पाणी दाखवलं का, बघून येतो," म्हणाले आणि गेले. गाडी निघाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मी चौकटीमागचा कागद फाडला, चित्र काचेतून सोडवलं आणि त्या गालांवर दोन्ही अंगठे घासले.

"अगं, खराब होईल ना ते!" मादाम किंचाळल्या.

मघाशी नवरदेव दाराबाहेर पडले, तेव्हा मात्र मादामच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं.