भेगेवरचा मोर

मी मथुराबाईंची चादर बोलतेय. पुढं सांगते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, माझ्या ताण्याबाण्याची शपथ. एखादं अक्षर इकडचं तिकडं झालंच, तर ते शपथ घेण्याआधीचं समजा.

भवानी पेठेतल्या एका मागावर माझा जन्म झाला. अंगभर मोर आहे. हा मोर इतका हुबेहूब उतरला, की विणकराच्या अंगणातली चिमणी त्याला भिऊन अक्कलकोटला निघून गेली. ती परत आली नाही, म्हणून साक्षीदार नाही.

मथुराबाईंनी मला घेतलं आणि पंधरा वर्षं ट्रंकेत ठेवलं. चांगली चादर पाहुण्यांसाठी असते, आणि आलेला पाहुणा तेवढा चांगला कधीच नसतो. चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला मात्र मला बाहेर काढलं. पाहुण्यासाठी नव्हे, भिंतीसाठी.

शेजारचे चिंतामणी मास्तर घर विकायला निघाले होते. मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेत, सुनेचा आठवा महिना संपत आलेला. त्यांच्या बायकोला, गोदावरीबाईंना, पहिल्या नातवंडाच्या आधी तिथं पोचायचं होतं, आणि मास्तरांचा हट्ट, घर विकल्याशिवाय सोलापूर सोडायचं नाही. तीन गिऱ्हाइकं येऊन परत गेली होती. माजघराच्या भिंतीला आढ्यापासून गुडघ्यापर्यंत भेग होती. मास्तर तिला ‘किरकोळ रेघ’ म्हणत. त्या रेघेत त्यांची छत्री राहायची.

करकंबचे महिपतराव आणि त्यांची बायको यशोदा गड्ड्याच्या जत्रेला येणार होते, तेव्हाच घर बघणार होते. मग मास्तरांनी घर नटवलं. दाराला ऊस बांधले, उंबऱ्यापुढं हातभर रांगोळी, पाटावर सुगडं. गल्लीतल्या निंगव्वाच्या खुर्च्या आल्या, बजाबाईंचा रेडिओ आला. मला चार खिळ्यांनी भेगेवर ठोकलं. घर अगदी सुखवस्तू दिसायला लागलं. दिसणारच, अर्ध्या गल्लीचं सुख त्यात कोंबलं होतं.

घर भरलेलं वाटावं म्हणून गोदावरीबाईंनी त्याच वेळी हळदीकुंकू ठेवलं. एवढंच चुकलं. त्या संध्याकाळी प्रत्येकीच्या घरी आपापलं हळदीकुंकू होतंच की.

निंगव्वानं कुंकू लावून घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला, एक खुर्ची काखेत मारली आणि म्हणाली, “पावणं, जरा उठता का?”

महिपतराव उठले. दुसरी खुर्चीही गेली.

“हितं वाणात खुर्च्या देता व्हय?” यशोदानं विचारलं.

“पद्धतच हाय आमची,” गोदावरीबाई म्हणाल्या.

“गेल्या साली मला कपाट आलं,” बजाबाई रेडिओ उचलत म्हणाल्या. “नेता नेता कंबर गेली बघा.”

मास्तर सुगडांकडं अशा भक्तीनं बघत होते, की जणू ती आत्ताच बोलणार आहेत.

यशोदानं माझ्याकडं बोट केलं. “मग मला हा मोर द्या.”

खिळे निघाले. मी खाली आले. भेग वर राहिली, आणि पाठोपाठ छत्री पडली.

महिपतरावांनी भेगेत चार बोटं घातली. “मास्तर, हे काय?”

मास्तर छत्री उचलायला वाकले. मथुराबाईच गोदावरीबाईंकडं बोट करत बोलल्या, “पलीकडं माझं सैपाकघर हाय. त्यातनं मी हिला इरजण देते. पंधरा वर्सं झाली. दारानं फिरून कोण जातंय?”

यशोदानं भेगेला डोळा लावला. मग म्हणाली, “आमी मळ्यात ऱ्हातो. हाक मारली तर ऊस ऐकतो. घर घेतलं, तर मला मिळंल का इरजण?”

“आंबट चालत असंल तर.”

महिपतरावांनी बोटं बाहेर काढून झटकली. “बुजवायची न्हाई का मग ही?”

“निम्मी बुजवा,” यशोदा म्हणाली.

गोदावरीबाई कुर्डुवाडीला वेळेत पोचल्या. नात झाली. मथुराबाईंनी मला बाळाला पांघरायला दिलं, आणि त्या पोरीनं वर्षभरात मोराचा रंग पार धुऊन काढला, कशानं ते विचारू नका. आता मी चार घड्या घालून इस्त्रीखाली असते. ट्रंकेपेक्षा बरं, निदान ऊब आहे. तुमच्याही ट्रंकेत एखादी असेल, तर तिला बाहेर काढा. चांगला पाहुणा यायचा नाही.

एक कबुली राहिली. यशोदानं मला मागितलंच नव्हतं. कपाटाचं ऐकून ती नुसती हसली होती आणि घर पसंत म्हणायच्या बेतात होती. गोदावरीबाईंनीच मास्तरांकडं न बघता माझे खिळे उपसले आणि म्हणाल्या, “बाई, आधी हे बघा.” दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, सुनेला दिवस भरत आले होते, तरी उपसले. हे मी बदलून सांगते, कारण झाकायला टांगलेल्या चादरीनं असलं काही सांगितलं तर कोण खरं मानणार?

चिमणी मात्र खरंच अक्कलकोटला गेली.