सिव्हिलच्या जागेचा कौल

चिंचपोकळीतल्या आमच्या चाळीखालचा बंद पडलेला लेथचा कारखाना जुलैपासून देवस्थान झाला. दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत रांग आणि प्रत्येकाच्या हातात मुलाच्या सीईटीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स. आत पाटावरच्या काळ्या दगडाला समईच्या उजेडात दत्ताराम भगत डावी-उजवीकडे एकेक ओली पाकळी चिकटवायचा, मुलाचं परसेंटाईल मोठ्याने वाचायचा आणि डोळे मिटायचा. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. कोकणात लग्नाचा, पिकापाण्याचा कौल लावतात. इंजिनीअरिंगचा इथे प्रथमच लागत होता.

"मेरिट लिस्ट कॉम्प्युटरवर नंतर लागता," भगत सांगे, "आधी हंय लागता!"

दुसऱ्या मजल्यावरचे कुशाबा टॉवरमध्ये वॉचमन आहेत. ते मुलीला, श्रेयाला, घेऊन आले. तिला पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं सरकारी कॉलेज मिळालं होतं, सिव्हिलला. त्या दिवशी पाचच्या आत जागा स्वीकारायची होती. नाही तर जागाही जाणार आणि पुढच्या फेऱ्यांतून नावही.

"घेवंया मां, देवा?" कुशाबांनी विचारलं. डावी पाकळी पडली.

"देव नको म्हणता. सिव्हिल म्हणजे जन्मभर सिमेंटची धूळ. तुझ्या चेडवाक कॉम्प्युटर मिळतला. मोबाइल बंद करून देवापुढे ठेव, सांजेपर्यंत हात लावू नको."

ओटीपी त्याच मोबाइलवर येणार होता.

"बाबा, मला सिव्हिलच..."

"गप गो! देवासमोर तोंड चालवू नको."

श्रेया पुढचे दोन-तीन कौल बघत राहिली. मग थेट शेजारच्या चाळीत राजरत्न सरांकडे गेली. ते महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवतात.

"सर, हो सांगायचं असलं की समई उजवीकडे असते. आमच्या वेळी त्याने ती डावीकडे सरकवली."

साडेचारला श्रेयाला घेऊन सर आत शिरले. "भगतबुवा, एक कौल द्या. माझं नाव राजरत्न आहे का?"

लोक हसले. भगत उठायच्या आत सरांनी समई डाव्या पाकळीशी ठेवली. काही मिनिटांत उष्णतेने पाकळीखालचं पाणी सुकलं आणि पाकळी गळली. देवाच्या मते सर राजरत्न नव्हते. समई उजवीकडे नेली, नव्या पाकळ्या लावल्या. आता होते.

"देवाक गरम होता काय रे, दत्ताराम?" रांगेतल्या आनंदीबाईंनी विचारलं.

श्रेयाने देवाच्या पाटाखाली हात घातला. खासगी कॉलेजच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा निघाला, प्रत्येकावर भगताच्या मेव्हण्याचा नंबर. नकार मिळालेली मुलं कुठे जात होती, ते कळलं.

कुशाबांनी मोबाइल उचलला. तो सुरू व्हायला वेळ गेला, मग साइट फिरत राहिली. ओटीपी आला पाच वाजून दोन मिनिटांनी. पडद्यावर लिहिलं होतं: मुदत संपली.

"म्हणजे देवाच्या मनातच नव्हता," भगत म्हणाला. आणि रांगेत दोघा-तिघांनी मान डोलावली.

श्रेया रडली नाही. "बाबा, दोन वर्षं अभ्यास मी केला. पेपर मी दिला. तुम्ही विचारलंत दगडाला."

कुशाबांनी मोबाइल तिच्या हातात दिला.

तीन तासांच्या परीक्षेत मुलीची सगळी लायकी मोजली जाते, असं मी म्हणणार नाही. पण परीक्षेवर हरकत तरी घेता येते. पाकळीची फेरतपासणी नसते. तेव्हा आई-बापांनो, नियम वाचा, तारखा वाचा, कळलं नाही तर शाळेतल्या सरांना विचारा. आणि सगळ्यांच्या आधी, पेपर जिने दिला तिला विचारा.