न वाकणारं घराणं

कवायत मास्तरांच्या दिवाणखान्यात त्यांच्या वडिलांचा फोटो होता. कारखान्याचे मालक पाहणीला आलेले, सगळे कामगार कमरेत वाकलेले, आणि मास्तरांचे वडील तेवढे खांबासारखे उभे! "आमच्या घराण्यात कुणी कुणापुढे वाकत नाही," मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. स्वतः ते बुटाची नाडीसुद्धा वाकून बांधत नसत. ते खातं बायकोकडे होतं.

अशा घरात थोरल्या लेकीची पाठ सकाळी लाकूड व्हायची. तिला पलंगावरून उठवतच नसे. "आळस! दुसरं काय?" म्हणत मास्तर उशाशी शिट्टी फुंकत. दुखण्यापेक्षा ती शिट्टीच तिला जास्त लागायची. जगाचं सोडा, निदान घरच्यांनी तरी खरं मानावं, एवढंच तिचं मागणं होतं.

शेवटी आईने हट्ट धरून बापलेकींना दवाखान्यात धाडलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे आणि रक्ताचे अहवाल पुढ्यात ठेवले. "मणक्यांचा संधिवात आहे. आपल्या बचावाच्या पेशींच्या अंगावर एक रिसेप्टर असतो, दारावरची बेलच म्हणा ना. तो घडवणाऱ्या जनुकात हिच्याकडे जरा फरक आहे. बेल उगाच वाजत राहते आणि राखणदार घरच्यांनाच बदडतात. नुसत्या जनुकाने आजार होतोच असं नाही, पण घराण्यात कुणाला..."

"आईकडून आलं असणार," मास्तरांनी हात झटकले. "तिच्या माहेरचे सगळे कुरकुरे."

"तुम्ही जरा वाकून दाखवता?"

"आम्ही कुणापुढे..."

"माझ्यापुढे नकोच. भिंतीकडे तोंड करा."

आता माघार कशी घेणार? मास्तर भिंतीकडे वळून वाकू लागले. बोटं गुडघ्यांच्या वरच अडली, ती अडलीच. कपाळावर घाम फुटला, दातओठ आवळले गेले. बाजूला उभ्या लेकीला आधी हसू फुटत होतं, ते विरलं. हा चेहरा ती रोज सकाळी आरशात बघत होती.

"बाबा, कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्या जन्माआधीपासून," मास्तर भिंतीलाच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात सतरंजी पसरली गेली. बापलेक कण्हतकुंथत व्यायाम करू लागले. शिट्टी आता लेकीच्या गळ्यात होती, आणि तिने ती एकदाही फुंकली नाही. मध्येच दम घ्यायला थांबलेल्या मास्तरांची नजर फोटोवर गेली. वडिलांचेही दातओठ तसेच आवळलेले. आजवर त्यांना तो बाणेदारपणा वाटत आला होता.

"बाबा," ते फोटोला म्हणाले, "दुखत होतं तर सांगायचं की हो!"