ढिवर घाटाचा ठराव

चिरेटोल्याच्या सरपंच दुर्गेश्वरीबाई कटरे त्या सकाळी चुलीपुढे बसून कणीक मळत होत्या. सरपंच त्या कागदावर. गावात 'सरपंचसाहेब' म्हणून हाक मारली की त्यांचे यजमान इंद्रकुमार ओ देत. जागा महिलेसाठी राखीव निघाली, म्हणून इंद्रकुमारांनी बायकोला उभं केलं आणि ती निवडून येताच खुर्चीत स्वतः जाऊन बसले. याला आपल्याकडे कुणी चोरी म्हणत नाही. 'घर सांभाळून घेतं' म्हणतात आणि वर कौतुकही करतात.

इंद्रकुमारांनी ठरावाचं रजिस्टर बायकोपुढे धरलं. "हं, सही कर."

"पान तं कोरंच आहे."

"सभा झाली की ग्रामसेवक लिवते."

"मंग सही आताच कायले?"

"दुपारी कंपनीचे साहेब जेवाले येऊन रायले. तवा तू पोळ्या करशील का सह्या?"

दुर्गेश्वरीबाईंनी पदराला हात पुसले आणि सही केली. दोन वर्षं त्या अशाच सह्या करीत होत्या. अक्षर मात्र सुरेख, बारावीपर्यंत शिकलेल्या बाईचं.

सभेपुढे विषय केबलचा होता. गावच्या मोठ्या तलावावर एक कंपनी वीज तयार करणारे तरंगते पॅनल बसवणार होती. त्यांची मनगटाएवढी जाड केबल पाण्यातून काठावर कुठे चढवायची, हे गावाने ठरवायचं होतं. जिथून ती चढेल, तिथे कंपनी कुंपण घालणार होती. वाटा दोनच. एक पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, इंद्रकुमार आणि गावातले दुसरे मोठे शेतकरी हिरालाल यांच्या धानाच्या शेतांतून, बांध्यांतून जाणारी. दुसरी ढिवर घाटावरून. ढिवरांचे, म्हणजे गावच्या मासेमारांचे, डोंगे त्या घाटाला लागत, त्यांच्या बायका तिथूनच शिंगाडे काढायला पाण्यात उतरत. साऱ्या तलावाला पाय ठेवण्याजोगा टणक तळ तेवढ्याच जागी होता, बाकी काठाला कंबरभर गाळ.

ग्रामसभेच्या आधी तासभर जमुनाबाई मागच्या दाराशी आली. साठीची ढिवरीण, तलावातच जन्म गेलेला. उंबऱ्याच्या आत येण्याचा प्रश्नच नव्हता. ती बाहेरच्या पायरीवर टेकली.

"पटलीनबाई, घाट नोका देऊ जी. गाळ पाय धरते. एकदा धरला का सोडत नाई."

"यायले सांगतो मी," नवऱ्याचं नाव न घेता दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या.

"यायले कायले सांगता? सरपंच तुमी आहा ना? सभेत तुमीच बोला."

दुर्गेश्वरीबाई चपापल्या. सरपंच तुम्ही आहात, हे त्यांना इतक्या सरळपणे कुणी सांगितलंच नव्हतं. "बोलतो," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत हो त्या. त्या घटकेला त्यांना खरंच बोलायचं होतं.

शाळेच्या पटांगणात दोनशे माणसं जमली. इंद्रकुमार कंपनीच्या साहेबांशेजारी खुर्चीत, आणि सरपंच खाली बायकांच्या सतरंजीवर.

जमुनाबाईचा नवरा घनश्याम उभा राहिला. "साहेब, पाळीवरून वाट सरळ आहे. मंग घाटच काऊन?"

"बांधीतून केबल गेली तं नांगर का डोक्यावर चालवू?" हिरालाल ओरडले. "घाट सरकारी आहे. कोनाच्या बापाचा नाई."

"आमच्या बापाचा नाई, पन पोटाचा आहे जी."

"तुमच्यासाठी फाटक ठेवू ना!" इंद्रकुमार हसून म्हणाले. "देश आगे जा रहा है, अन् तुमी शिंगाडे धरून बसले!"

लोक हसले. जमुनाबाई हसली नाही. ती दुर्गेश्वरीबाईंकडे बघत होती. शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात इंद्रकुमारांनी मान वळवून नुसतं पाहिलं, आणि दुर्गेश्वरीबाईंनी पदर पुढे ओढून घेतला. घाटाचा ठराव कागदावर सर्वानुमते मंजूर झाला. सही तर सकाळीच झाली होती.

भादव्यात घाटाला तारेचं कुंपण पडलं. फाटक ठेवलं, त्याला कुलूपही लागलं. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घनश्यामने ग्रामपंचायतीत तीन खेपा घातल्या. "पाहू", "करू", "साहेब आले का सांगू", एवढं ऐकून तो परत आला.

कार्तिकात शिंगाडे तयार झाले. ते काही फाटकासाठी थांबत नाहीत. एका सकाळी जमुनाबाई आणि तिच्या दोघी सोबतिणी गाळाच्या बाजूने उतरल्या. जमुनाबाईचा पाय रुतला. काढायला गेली तशी तोल जाऊन ती तोंडावर पडली. सोबतिणींनी लुगडं धरून ओढलं, तर त्याही रुतू लागल्या. घनश्याम लांबून डोंगा वल्हवत आला, तोवर सगळं संपलं होतं. घाट उघडा असता तर ती बाई दुपारी शिंगाडे उकडत बसली असती.

चौथ्या दिवशी चौकशीला तालुक्याचे अधिकारी येणार होते. इंद्रकुमारांनी बायकोला पढवलं. "कागदावर तुही सही आहे, म्हनून तुले यावं लागन. पन बोलजो नोको. मी सांगतो का फाटक उघडं होतं, म्हातारी आपल्या मनानं गेली."

ग्रामपंचायतीत अधिकाऱ्यांनी विचारलं, "सरपंच कोण?"

सवयीने इंद्रकुमार उठले.

"तुमी बसा जी," मागून आवाज आला. "सरपंच मी आहो."

दुर्गेश्वरीबाई पुढे आल्या. "सही माही आहे, साहेब. कोऱ्या पानावर केली होती. फाटकाले कुलूप होतं. जमुनाबाई माह्या दारात आली होती, घाट देऊ नोका म्हने. मी बोलतो म्हनलं, अन् बोलली नाई. दोष लिवाचा असन तं पयले माहं नाव लिवा."

"घरी चाल, मंग पायतो तुले," इंद्रकुमार पुटपुटले.

"पाहा. पन रजिस्टर आता माह्याजवळ राहीन."

त्या दिवसापासून दुर्गेश्वरीबाई स्वतः खुर्चीत बसू लागल्या. घरात महिनाभर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. सासरच्यांनी माहेरी निरोप धाडला, पोरीला समजवा म्हणून. दुर्गेश्वरीबाईंनी नवा ठराव मांडला, आणि केबल पाळीवरून, त्यांच्याच बांधीतून गेली. कुंपण निघालं त्या दिवशी त्या पहिल्यांदाच ढिवर मोहल्ल्यात गेल्या.

घनश्याम दारात जाळं विणत होता. त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच बघवत नव्हतं.

"घाट मोकळा झाला, घनश्यामभाऊ," त्या हात जोडून म्हणाल्या.

"आयकलं जी." त्याने जाळ्याला आणखी एक गाठ मारली. "तुमाले तं चांगलं बोलता येते, पटलीनबाई. मंग तवा काऊन नाई बोलल्या?"

त्या सभेला दोनशे माणसं होती. घनश्यामने हे एकीलाच विचारलं.