एझ्राची सही

न्यू लंडन बंदरात जोथम सिअर्सचं जहाज बुडाल्याची बातमी आली, तेव्हा एझ्रा कॉब आपल्या कारखान्यात पिंपाला लोखंडी कडं ठोकत होता. त्याने हळहळल्यासारखा चेहरा केला. पण त्या दिवशी तो दोन घास जास्तच जेवला!

दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली पिंपं बनवायला शिकले होते, एकाच गादीवर झोपले होते. मग जोथम काकवीच्या व्यापारात शिरला, त्याने विटांचं घर बांधलं आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागला. मागच्या बाकावरून एझ्रा पंधरा वर्षं त्याच्या उंची कोटाची पाठ बघत आला होता.

जहाजातला माल उधारीचा होता. आठवड्यात जोथमच्या घराला कुलूप लागलं आणि देणं फिटेना म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. कालपर्यंत त्याच्या पंगतीला बसणारे आता त्याच्या बायकोला बघून रस्ता बदलू लागले. सगळ्या घेणेकऱ्यांनी सुटकेच्या कागदावर सही केली तरच तो सुटणार होता. साठ पिंपांचे पैसे एझ्राचेही अडकले होते. बाकीचे सहाजण म्हणत, "एझ्रा त्याचा जुना दोस्त. तो करील तसं आम्ही करू."

आणि एझ्रा सही करत नव्हता.

महिन्याभराने तो तुरुंगात गेला. धीर द्यायला नाही, मजा बघायला. पण जोथम पेंढ्यावर बसून एका खलाशाचं पत्र लिहून देत होता आणि भोवतीचे कैदी त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर खदाखदा हसत होते.

"अरे एझ्रा! ये, बस," जोथम खोकत म्हणाला. गालफडं पार बसली होती त्याची.

एझ्रा उभ्या उभ्याच परतला.

"तुरुंगातसुद्धा याचा दरबार भरतोय!" घरी येऊन तो कडाडला.

त्याची बायको मर्सी घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे त्याचाही हेवा वाटला तुम्हाला?"

"माझे पैसे बुडालेत, मर्सी!"

"मग हक्काने मागा की! पण कोंडलेला माणूस देणार कुठून? अहो, त्याचं घर गेलं, जहाज गेलं, तरी तुमचं पोट दुखतंच आहे. उद्या तो तिथे मेला, तर मयताला किती माणसं आली ते मोजाल तुम्ही! पैसे हवेत की त्याचे हाल, ते आधी ठरवा."

खरंच, आपण मोजली असती! या विचाराने एझ्राला स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने सही केली. मग तो सहाही जणांच्या दारी गेला. "तो माझ्याकडे रोजावर लागेल. निम्मी मजुरी तुमच्या देण्यात. जामीन मी." दोघांनी त्याला हसून वाटेला लावलं, तो पुन्हा गेला. पाचव्या दिवशी शेवटची सही मिळाली आणि जोथम सुटला.

जोथमचे हात पंधरा वर्षांत मऊ पडले होते. एझ्राच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी बोटं सोलवटली. त्याच्याकडे न बघता एझ्रा म्हणाला, "तुझं जहाज बुडालं तेव्हा मला आनंद झाला होता."

जोथमचा रंधा थांबला. "ठाऊक आहे मला. महिनाभर फिरकला नाहीस, तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय? आलास ना शेवटी. ते कडं धर नीट, निसटतंय."

हेवा काही एका दिवसात गेला नाही. गिऱ्हाइकं आधी जोथमशी गप्पा मारत, तेव्हा एझ्राचा हातोडा जरा जोरातच पडे. पण जोथमला त्याने पुन्हा कधी एकटं पाडलं नाही.

मंडळी, माणसाला कोंडून ठेवल्याने कुणाचं देणं फिटत नाही. आपला मित्र पडला, की आधी आपल्याच मनात डोकवा. तिथे गुदगुल्या होत असतील तर लाज वाटू द्या. पण लाजून घरात बसू नका. उठा, आणि त्याला हात द्या!