कुजबूज पहिल्या रांगेत

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबूज म्हणत. डाव्या विंगेत बिनपाठीच्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि रंगमंचावर कुणाचं वाक्य अडलं की ते हळूच पुरवायचं, एवढंच तिचं काम. ते ती चोख करी. प्रयोग संपला की स्टूल भिंतीला लावून तडक घरी. कुणाचा वाढदिवस असो, सहल असो, नाहीतर दौऱ्यातलं जेवण, तिचं उत्तर ठरलेलं असे: "नको, मला नाही जमायचं." शेवटी लोकांनी विचारणंच सोडून दिलं.

म्हणून दादा स्वतः तिच्या स्टुलापाशी आले तेव्हा मॅनेजरने कान टवकारले. दादा म्हणजे कंपनीचे मालक आणि प्रमुख नट.

"रविवारी दुपारी माझा सत्कार आहे. तू यायचंस," दादा म्हणाले. "आणि इथे कोपऱ्यात नाही हं. समोर, पहिल्या रांगेत, पाहुणी म्हणून."

"आणि स्वगत?" तिने विचारलं. सत्कारानंतर दादा त्यांचं गाजलेलं स्वगत करून दाखवणार होते. मुलीला घराबाहेर काढणाऱ्या बापाचं.

"त्याचं काय! झोपेतसुद्धा म्हणेन मी. आणि विंगेत कॅमेरेवाले असणार. तू तिथे पुटपुटताना दिसलीस तर बरं दिसेल का?"

दादा त्या स्वगतात प्रत्येक प्रयोगाला अडत, आणि नेमके एकाच जागी. अडले की हातातली काठी दोनदा जमिनीवर टेकवत. ती खूण. पुढचा श्वास भरून होण्याआधी तिने शब्द पोचवलेला असे. इतकी वर्षं हे इतकं बिनबोभाट चाललं होतं, की आपल्याला कुणी सांगतं हेच दादा विसरून गेले होते. वाक्य आपल्यालाच आठवतं, असं त्यांना मनापासून वाटे.

हे सांगायची वेळ आत्ताच होती. तिने संहिता मिटली.

"येते की," ती म्हणाली.

दादा गेल्यावर मॅनेजर जवळ आला. "कुजबूज हो म्हणाली! छप्पर तपासून घ्यायला हवं रविवारच्या आत."

घरी धाकट्या बहिणीने भांडी घासता घासता मागे वळून पाहिलं. "तू? समारंभाला? अगं, माझ्या लग्नात दाराआड उभी होतीस तू."

"या वेळी बसणार आहे."

"त्या माणसाच्या सत्काराला? ज्याने तुझं वाटोळं केलं?"

"म्हणूनच."

बहिणीने हात पुसले. आतल्या खोलीत जाऊन ती आपला ठेवणीतला लालभडक कोट घेऊन आली. विंगेत काळं घालावं लागतं, त्यामुळे ताईच्या कपाटात दुसरा रंगच नव्हता. "हा घाल," ती म्हणाली. "दिसू दे त्याला नीट."

ते स्वगत ज्या नाटकातलं, त्याच नाटकात एके काळी ती मुलीचं काम करत होती. तालमी बघायला आलेली माणसं दादांना सोडून तिच्याबद्दल बोलू लागली, आणि तिथेच माशी शिंकली. पहिल्याच प्रयोगात, ज्या वाक्यावर तिने बोलायचं, ते वाक्य दादांनी गिळलं आणि तिच्याकडे नुसते रोखून बघत राहिले. ती कोऱ्या कागदासारखी उभी. मग दादा प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, "बघा, जीभसुद्धा घरी विसरून आली!" वरच्या सज्जातून कुणीतरी खो खो हसलं आणि मग सगळं नाट्यगृह हसलं. पोरगी घाबरते, असं दादांनी गावभर केलं. कुठेच काम मिळेना, तेव्हा मोठ्या मनाने हे स्टूल दिलं. वर तो किस्सा ते प्रत्येक मैफलीत रंगवून सांगत.

रविवारीही सांगितला. "ही बघा, बसलीये समोर. उभी राहा गं!" ती उभी राहिली. लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. लाल कोटाची बटणं लावत ती खाली बसली.

स्वगत सुरू झालं. दादांचा आवाज अजून खणखणीत होता. "दार मी लावलं. कडी मी घातली. आणि आता बाहेरून थाप पडेल म्हणून मीच कान लावून बसलोय..."

थांबले. काठी दोनदा टेकली.

डाव्या विंगेत एक कॅमेरेवाला डोकं खाजवत उभा होता. काठी पुन्हा टेकली, जरा जोरात. दादांच्या कपाळावर घाम चमकला. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. उभा राहा, ती मनात म्हणाली. मी राहिले होते तसा.

शेजारच्या बाईने रुमाल डोळ्यांना लावला. "काय पॉज घेतलाय!" ती नवऱ्याच्या कानात म्हणाली. "याला म्हणतात नट."

मागे कुणीतरी हुंदका दिला. दादांना ते कळलं. मान हळूहळू वर झाली, डोळे मिटले गेले. पडद्याच्या दोरीपाशी मॅनेजरने हात उचलला. आता पडदा पडणार होता, टाळ्यांचा कडकडाट होणार होता, आणि ही शांतता दादांच्या सर्वांत थोर अभिनयात जमा होणार होती.

ती उभी राहिली.

"पण थाप पडायची कशी?" ती म्हणाली. पुटपुटून नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

दादांचे डोळे उघडले. पण जिभेला सवय होती. "पण थाप पडायची कशी?" ती जीभ म्हणाली.

"मला हाक मारणारं घरात एकच माणूस होतं."

"मला हाक मारणारं घरात... एकच माणूस होतं."

शेजारच्या बाईचा रुमाल खाली आला. माना वळू लागल्या. तिच्याकडे, त्यांच्याकडे, पुन्हा तिच्याकडे.

"तिचा आवाज मीच बंद केला."

"तिचा आवाज," दादा म्हणाले, आणि थांबायला गेले, पण जमलं नाही. "मीच बंद केला."

यापुढे संहितेत पानभर मजकूर होता. बापाने तसं का केलं, त्याचा नाइलाज काय होता, दोष खरा कुणाचा. त्या पानाला हमखास टाळ्या पडत. तिला ते अक्षर न् अक्षर पाठ होतं.

तिने तोंड मिटलं.

दादांनी काठी टेकली. पुन्हा टेकली. मग सगळ्यांदेखत पहिल्या रांगेकडे बघून ठकठक ठकठक वाजवत राहिले, बंद दारावर वाजवावी तशी. वरच्या सज्जातून कुणीतरी खो खो हसलं.

ती खाली बसली. स्टुलाला पाठ नव्हती, खुर्चीला होती. ती आरामात मागे रेलली.