समोरची दोन उपाशी तोंडं

उमरखेडच्या बसस्टँडमागे खेमसिंगचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. महिनाभर त्यानं गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हयातीचे दाखले काढून दिले, स्वतःच्या आईला मात्र रोज 'उद्या' सांगितलं. घरचंच माणूस, जातंय कुठं! नोव्हेंबरची तीस तारीख उजाडली तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. आज मानीबाईचा अंगठा लागला नाही, तर नवऱ्यामागे मिळणारी तिची पेन्शन बंद.

सकाळी आईला दुकानात बसवून तो कागदाचे गठ्ठे आणायला गेला. परत येऊन अंगठ्याच्या मशीनची वायर लावू लागला, तर ती आत जाईना. उलटी करून पाहिली, परत सुलटी केली. ही वायर पहिल्या झटक्यात कधी जातच नाही, म्हणून आधी त्याला संशयही आला नाही. मग मोबाइलचा टॉर्च मारला. कॉम्प्युटरच्या समोरच्या दोन्ही पोर्टांत गूळ आणि कुंकू ठासून भरलं होतं.

"याडी, हे कोनं केलं?" आईला तो याडीच म्हणायचा.

"मीनंच," मानीबाई म्हणाली. "मांगच्यायच्या तोंडात वायरी होत्या. हे समोरचे दोघं उपाशी दिसले."

खेमसिंगनं कपाळावर हात मारला. काडीनं कोरलं, तर गूळ आणखी आत गेला. मागे चारच पोर्ट, त्यात कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि इंटरनेटचा डोंगल. कोणतंही यंत्र कुठंही लागावं म्हणून बनवणाऱ्यानं सगळी तोंडं एका मापाची केली, पण एखादं जास्तीचं द्यायला त्याच्या बापाचं काय जात होतं? शेवटी त्यानं प्रिंटर काढून तिथं अंगठ्याची मशीन लावली. वायर आखूड पडली. टेबल ओढलं, तर डोंगल निसटून इंटरनेट गेलं. तेही जमवलं, तर नव्या जागी लावलेली मशीन कॉम्प्युटर ओळखीनाच. पाच वर्षं रोजची गाठ, आणि आज अनोळखी! पुन्हा ओळख करून देण्यात तास गेला. बाहेर लोक खोळंबले होते आणि खेमसिंग आईवर सारखा तोंडसुख घेत होता.

मानीबाई टेबल आणि भिंतीच्या फटीत कशीबशी उकिडवी बसली. पहिला अंगठा मशीननं नाकारला, कारण तो गुळानं चिकट होता. त्यानं चिडून रुमालानं पुसला. दुसऱ्या खेपेला हिरवा दिवा लागला. दाखला ऑनलाइन जमा झाला.

"झालं," तो म्हणाला. "पण कायले भरवलं तू मशीनले? कोनं सांगतलं होतं?"

"महिनाभर तू उद्या-उद्या म्हनून राह्यला होता," मानीबाई भिंतीला धरून उठत म्हणाली. "मले वाटलं, माहा पोरगा कायले टाळंल? मशीनच नाही म्हनत असंल. म्हून भरवलं."

खेमसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं आईचा हात धरून तिला फटीतून बाहेर काढलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि प्रिंटरची वायर उचलली.